औषध दिलं की थांबतं, मग पुन्हा सुरू: खुराड्यातली हगवण, माइट आणि कडुलिंब-ओवा-लवंग नेमके कुठे वापरायचे

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "डॉक्टर, पावडर पाण्यातून दिली की चार दिवस बरं असतं, मग परत तेच." गोराई-मनोरीच्या वाड्या असोत, आरेचे पाडे असोत की दहिसर ओलांडून वसईकडचं एखादं छोटं शेड; पन्नास-शंभर गावरान कोंबड्या, खाली तुसाची गादी, वर पत्रा. विष्ठा पातळ, पांढरट-हिरवट. दोन-तीन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात. तुरा फिकट, अंडी कमी, अधूनमधून एखादी मरतुक. आणि फोन ठेवता ठेवता दुसरी तक्रार, जणू तिचा पहिलीशी काही संबंधच नाही: "पिसवाही झाल्यात. कडुलिंब मारला, काही फरक नाही."

या दोन तक्रारी बहुतेकदा एकच असतात. औषधाने जंतू कोंबडीच्या पोटात कमी होतो, पण शेडमधल्या किड्यांत, माश्यांत आणि पाण्याच्या पाइपात तो तसाच बसून असतो आणि तिथून परत येतो. दर वेळी परतताना औषधाला थोडा जास्त सरावलेला असतो. म्हणून वनस्पतीजन्य उपाय करायचे तर आधी किड्यांवर, मग पाण्याच्या लाइनीत आणि सगळ्यात शेवटी खाद्यात. लोक नेमकं उलट्या क्रमाने करतात. पहिल्या दिवशी लसूण-हळद चारतात आणि शेडकडे बघतच नाहीत.

सुरुवातीला नक्की करून घ्या

एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, माना पिळल्या गेल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो, मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकते. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हापासून आपल्याकडे अशा मरतुकीची खबर देण्याची व्यवस्था आहे. मेलेली कोंबडी घरी फाडून बघू नका.

हळूहळू चालणाऱ्या आजारात ताजी मेलेली कोंबडी बर्फाच्या डब्यातून शवविच्छेदनाला न्या. परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. शहरातल्या माणसाला लोकल पकडून जाता येतं. पुण्याला औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळाही आहे. हृदयावर आणि यकृतावर पांढरट साय धरलेली दिसली तर ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा संशय घ्यायचा. यकृत मोठं होऊन पितळेसारखी झाक आली तर साल्मोनेला जातीच्या जंतूचा. विष्ठेत रक्त असेल तर गोष्टच वेगळी, ती कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची रक्ती हगवण. तिला जंतूंवरची ॲन्टिबायोटिक्स देत बसण्यात अर्थ नाही.

तिथेच सेन्सिटिव्हिटी टेस्ट करायला सांगा. कोणतं औषध या जंतूवर अजून चालतं हे तीच सांगते. लोक ही पायरी गाळतात, कारण दुकानदार हातात पावडर देतो आणि पावडर स्वस्त असते. या पावडरींपैकी कोलिस्टिन जुलै २०१९ पासून खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत वापरायला देशात बंदी आहे. माणसांत बाकी औषधं हरली की डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात त्यांत ते येतं. त्याला हरवणारा एमसीआर-१ नावाचा जनुक २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केला. हा जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज उडी मारतो. कपाटात जुनं पाकीट पडलं असेल तर ते वापरून संपवू नका.

पिल्लं आणल्यावर पहिल्या आठवड्यातच पांढरी हगवण लागली आणि पिल्लं मरू लागली, तर दोष बहुधा शेडचा नसतो. तो जंतू आईच्या अंड्यातून येतो. तिथे ओवा-लवंग काही करत नाहीत. हॅचरी बदलावी लागते.

जंतू लपतो कुठे

तुसाची गादी भिंतीलगत हाताने उकरा. खाद्याच्या भांड्याखाली आणि पाणी सांडतं त्या जागेच्या कडेने तर नक्कीच. सहा-सात मिलिमीटरचे काळे चकचकीत भुंगेरे आणि पिवळट-तपकिरी, तारेसारख्या कडक अळ्या पळताना दिसल्या, तर अल्फिटोबियस डायापेरिनस तुमच्या शेडमध्ये नांदतो आहे. हा सांडलेलं खाद्य खातो, विष्ठा खातो, मेलेलं पिल्लू उचलायला उशीर झाला तर तेही खातो. साल्मोनेला आणि ई. कोलाय त्याच्या अंगावर आणि आतड्यात राहतात. कोंबडीला तो आयता खाऊ वाटतो. तुम्ही औषधाने पोट साफ करता आणि कोंबडी दुपारी गादी उकरून तोच जंतू पुन्हा गिळते. जुनी तुकडी विकून नवीन पिल्लं आणली तरी फरक पडत नाही, कारण भुंगेरा मधल्या काळात भिंतीच्या फटीत आणि जमिनीत थांबतो. पिढ्या दोन कोंबड्यांच्या, मुक्काम एकाच भुंगेऱ्याचा.

ज्याला लोक पिसवा म्हणतात त्या बहुतेक वेळा पिसवा नसतातच. आठ पायांचे बारीक ठिपके, उपाशी असताना राखाडी, रक्त प्यालेले असताना लाल. हे डर्मॅनिसस गॅलिनी, लाल माइट. दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधाल तर सापडणार नाहीत. दिवसभर बसण्याच्या दांड्याच्या फटीत, खिळ्याच्या भोकात, पत्र्याच्या दुमडीत असतात. रात्री येतात, रक्त पितात, परत जातात. मध्यरात्रीनंतर टॉर्च घेऊन जा आणि दांड्याच्या खालून पांढरा कागद ओढा. कागदावर लाल रेघा उमटल्या की निदान झालं. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला कुरकुरतात, झाडावर बसतात, अंड्यांच्या कवचावर लाल ठिपके दिसतात, तुरा फिकट पडतो. अशक्त झालेली कोंबडी ई. कोलायला लवकर बळी पडते. शिवाय या माइटच्या शरीरात साल्मोनेला सापडला आहे.

माश्यांबद्दल फार सांगत नाही. ओल्या विष्ठेतून उठलेली माशी थेट पाण्याच्या भांड्यावर बसते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

मुंबईची हवा यांतल्या प्रत्येकाला मानवते. पंचवीस-तीस अंशांवर माइटची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाटचाल आठवडा-दहा दिवसांत होते, आणि हवेत ओल असली की त्याची पैदास फोफावते. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे दुसरं असतं काय? म्हणून पुण्याच्या किंवा सांगलीच्या माणसाने सांगितलेलं फवारणीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

"कडुलिंब मारला, एकही मेला नाही"

मरणारच नव्हता. कडुलिंबातला मुख्य घटक, अझाडिरॅक्टिन, प्रौढ किडा पाडत नाही. अळीला कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात तो अडथळा आणतो. अळी पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही आणि कातीतच अडकून मरते. सकाळी फवारून दुपारी मेलेले किडे मोजणाऱ्याला कडुलिंब नेहमीच नापास वाटणार. त्याचा निकाल पुढच्या पिढीच्या संख्येत दिसतो.

हे समजल्यावरही फसतो तो चार कारणांनी, आणि ती सगळी मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

पहिलं कारण ऊन. अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटित होतं. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये, उघड्या बाजूने, भर दुपारी फवारलेला अर्क वाया गेला असं समजा. दिवस उतरला की फवारा.

दुसरं पाणी. महापालिकेचं पाणी तलावांतलं, मऊ असतं. त्यात साबण नीट विरघळतो, तेल नीट मिसळतं. खाडीलगतच्या बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबण फाटतो, तेल वर येतं आणि पंपातून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल बाहेर पडतं. पाणी अल्कधर्मी असेल तर अझाडिरॅक्टिनही लवकर निकामी होतं. काचेच्या बाटलीत थोडं मिश्रण हलवून दहा मिनिटं ठेवा; वर तेलाची कडी किंवा दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर ते पाणी बदला. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी वापरून बघा. रिठ्याचा फेस जड पाण्यात फाटत नाही.

तिसरं कारण माल. सगळ्यात खात्रीचा म्हणजे आपला जुना ५ टक्के निंबोळी अर्क. सावलीत वाळवलेल्या, बुरशी न धरलेल्या निंबोळ्यांची २५० ग्रॅम भरड पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून एकूण पाच लिटर करायचं, दहा ग्रॅम साबणाचा चुरा मिसळायचा आणि त्याच दिवशी वापरून टाकायचं. उरलेलं उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. शेतीच्या दुकानातलं निंबोळी तेल घेणार असाल तर डब्यावर अझाडिरॅक्टिनचा आकडा बघा. ३०० पीपीएमचं आणि १०,००० पीपीएमचं एकाच मापाने वापरायचं नसतं. ही उत्पादनं पिकांसाठी असतात, त्यांत इतर विद्रावकही असतात. ती रिकाम्या शेडच्या जमिनीवर आणि भिंतींवर ठीक आहेत. कोंबडीच्या अंगावर, खाद्यात किंवा पाण्यात अजिबात नकोत.

चौथं, आणि सगळ्यात मोठं: फवारा पडतो वर आणि किडा असतो आत. भुंगेऱ्यासाठी फवारणीची एकच खरी वेळ असते, तुकडी विकली गेली त्याच दिवशी. कोंबड्या गेल्या की गादी थंड व्हायला लागते आणि भुंगेरे भिंतींकडे, खांबांकडे, शेजारच्या घराकडे निघतात. आपण काय करतो? आठवडाभर शेड "मोकळं ठेवतो", मग साफ करतो, मग फवारतो. तोवर गादीत फवारण्यासारखं कोणी उरलेलं नसतं. त्याच संध्याकाळी भिंतीलगतची हातभर पट्टी भिजवा, दुसऱ्या दिवशी गादी काढा आणि ती बागेत पसरण्याआधी ढीग करून प्लॅस्टिकखाली दाबून ठेवा. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते आणि अळ्या तिथेच मरतात. ढिगाची कड मात्र थंड राहते, म्हणून मध्ये एकदा तो उलटावा लागतो.

माइटवर ओवा आणि लवंग

माइटसाठी कडुलिंबापेक्षा मला ओव्याचं आणि लवंगेचं तेल जास्त कामाचं वाटतं. ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल माइटच्या चेतासंस्थेवर घाव घालतात, आणि त्यांची वाफ फटीत थोडीफार शिरते. परिणाम लवकर दिसतो. पण वास उडाला की परिणामही उडाला. रासायनिक औषधासारखा आठवडाभर भिंतीवर थांबणारा असर त्यांना नाही, आणि फटीतली अंडी बरीचशी वाचतात. म्हणून एकदा फवारून गप्प बसलात तर दहाव्या दिवशी नवी फौज हजर असते. मुंबईच्या उकाड्यात पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीन फेऱ्या धराव्यात. अंड्यातून निघालेला माइट स्वतः अंडी घालायच्या आत गाठायचा, एवढाच त्यामागचा हिशोब.

फवारणी दिवसा करा, कारण तेव्हा माइट घरी असतात. कोंबड्या बाहेर काढा, दांडे उचलून अंगणात आणा, ब्रशने फटी खरवडा, उकळतं पाणी ओता आणि वाळल्यावर तेलाचं मिश्रण त्या फटीत ब्रशने भरा. मी साधारण एक टक्का ठेवतो, म्हणजे लिटरभर रिठ्याच्या पाण्यात दहा मिलिलिटर तेल. वास पुरता गेल्याशिवाय कोंबड्या आत घ्यायच्या नाहीत. अंडीही आत ठेवायची नाहीत. कवच सच्छिद्र असतं आणि लवंगेचा वास असलेलं ऑम्लेट गिऱ्हाईक परत आणून देतं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये दांड्याखाली पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी बांधून ठेवा. माइटला त्या नळ्या फार आवडतात. दोन-तीन दिवसांनी पट्टी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत झटका, जाळून टाका, नवी बांधा. किती माइट सापडले यावरून उपाय लागू पडतोय की नाही हेही कळतं. या शहरात पुठ्ठ्याला तोटा नाही.

धुरीबद्दल मला वेगळं सांगायचं आहे, कारण ती सगळेच करतात आणि ती नुकसान करते. संध्याकाळी शेणी पेटवून त्यावर कडुलिंबाचा पाला टाकला की डास-माश्या पळतात, खरं. पण कोंबडीच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, आणि श्वासनलिकेवरचे बारीक केस धुराने तसेच ओल्या गादीतल्या अमोनियाने निकामी होतात. एरवी तिथेच अडकणारा ई. कोलाय मग खाली पिशव्यांत उतरतो. पिसवा जाव्यात म्हणून रोज धूर करणाऱ्या खुराड्यातच पांढरी साय धरलेली यकृतं जास्त दिसली तर नवल वाटून घेऊ नका. शेडमध्ये तुमच्या डोळ्यांची चुरचुर होते, म्हणजे कोंबडीचा श्वास केव्हाच बिघडलेला असतो.

पाण्याची लाइन

टाकीचं झाकण उघडा आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. त्याच्या आतल्या जंतूपर्यंत औषध धड पोचत नाही. निपलच्या, म्हणजे कोंबडी चोच लावून पाणी पिते त्या तोट्यांच्या, पाइपात हाच थर असतो, फक्त दिसत नाही. पिल्लं आली की पहिल्या दिवशी गुळाचं पाणी द्यायची पद्धत आहे, ती चांगली आहे. पण गुळाचं, व्हिटॅमिनचं पाणी लाइनीत राहू दिलं तर तुम्ही थराला खाऊ घालता. असं पाणी नेहमी भांड्यातून द्या, पाइपातून नको.

युजेनॉल आणि दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड असा थर धरू देत नाहीत, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण जमलेला जुना थर ते खरवडून काढत नाहीत. आधी तुकडी नसताना हायड्रोजन पेरॉक्साइडने लाइन धुवा, भरपूर पाणी सोडा, मग वनस्पतींचा विचार करा.

आणि कृपा करून टाकीत नुसतं तेल ओतू नका. ओव्याचं तेल पाण्यावर तरंगतं. टाकीचा नळ खाली असतो, म्हणून दिवसभर कोंबड्या साधं पाणी पितात आणि टाकी संपताना त्यांच्या घशात जाळ जातो. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. तिथे पहिल्या कोंबडीलाच पूर्ण मात्रा मिळते. निपलची रबरं फुगतात ती वेगळीच. पाण्यातून द्यायचं तर पाण्यात विरघळणारं, कोंबड्यांसाठीच बनवलेलं आणि लेबल असलेलं उत्पादन घ्या.

अमृतधारेचे थेंब टाकणारेही भेटतात. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र केले की पातळ होतात हे खरं, पण कापूर कोंबडीच्या पाण्यात घालायची वस्तू नाही.

पोटातल्या जंतूवर वनस्पतींचं किती चालतं

थायमॉल, त्याचाच भाऊबंद कार्व्हाक्रॉल, युजेनॉल ही मंडळी जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यालाच भोकं पाडतात. आतला माल बाहेर गळतो. एकाच कुलपाला लागणाऱ्या किल्लीसारखं ॲन्टिबायोटिकचं काम असतं. हे तेल दारच खिळखिळं करतं. म्हणून औषधाला दाद न देणारा ई. कोलायही काचेच्या ताटलीत या तेलांपुढे मरतो. दारुहळदीतल्या बर्बेरिनची गंमत आणखी वेगळी. जंतू ते पंपाने बाहेर फेकतो, पण त्याच कुळातल्या झाडांत तो पंप बंद पाडणारं दुसरं द्रव्यही सापडलं आहे. झाडाने दोन्ही शस्त्रं जवळ ठेवलेली.

पण ताटली वेगळी आणि कोंबडी वेगळी. ही तेलं पोटात गेली की बहुतांशी जठर आणि लहान आतड्यातच शोषली जातात. साल्मोनेला ठाण मांडतो तो पुढे, दोन आंधळ्या आतड्यांत. तिथवर तेल पोचवायचं तर त्यावर चरबीचं आवरण चढवलेलं, दाणेदार उत्पादन लागतं. घरी खाद्यावर तेल शिंपडून ते होत नाही. चाचण्यांत वापरलेलं प्रमाण साधारण किलोभर खाद्याला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे अगदी थोडं. घरच्या चमच्याने ते मोजता येत नाही, आणि जास्त झालं की कोंबडी खाद्यालाच तोंड लावत नाही.

लसूण उकळून पाणी देणाऱ्यांना एवढंच सांगतो: जंतूंवर चालणारं ॲलिसिन लसूण ठेचल्यावर तयार होतं आणि उष्णतेने जातं. ठेचा, दहा मिनिटं ठेवा, कच्चाच खाद्यात कालवा आणि लगेच घाला. हळद पाण्यात विरघळत नाही. टाकीच्या तळाशी गाळ होतो, निपल पिवळे होऊन तुंबतात आणि कोंबडीच्या रक्तात जवळजवळ काही उतरत नाही. हळद खाद्यात घाला, भरवसा मात्र माफक ठेवा.

आजार अंगात पसरला असेल, कोंबडी धापा टाकत असेल, तर यांतलं काहीच तिला वाचवणार नाही. तेव्हा टेस्टमध्ये चालणारं औषध पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत, पूर्ण दिवस द्यायचं. सांगितलेला औषधबंदीचा काळ संपेपर्यंत अंडी विकायची नाहीत, घरीही खायची नाहीत.

आता थोडं न आवडणारं. वनस्पतीचं आहे म्हणून जंतू त्याला सरावत नाही, हा समज चुकीचा आहे. १९९७ साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पाइन तेलाच्या जंतुनाशकाच्या संपर्कात ठेवलेल्या ई. कोलायमधून असे वाण निवडले गेले, जे एकाच वेळी अनेक ॲन्टिबायोटिक्सना दाद देईनात. पाइन तेल म्हणजे तेच, ज्याच्यापासून आपलं पांढरं फिनाइल बनतं. बादलीभर पाण्यात झाकणभर फिनाइल टाकून रोज शेड "पुसणं" हा जंतूला दिलेला सरावच आहे. जंतुनाशक वापरायचं तर आधी शेण-माती खरवडून, लेबलवरच्या पूर्ण मात्रेत.

किड्यांचंही तेच. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणारं पायरेथ्रम वनस्पतीजन्य असलं तरी कॉइल-स्प्रेमधली पायरेथ्रॉइड रसायनं त्याच जागी घाव घालतात. ज्या माश्या स्प्रेला भीक घालत नाहीत त्या बऱ्याचदा पायरेथ्रमलाही घालत नाहीत.

बाटलीत नक्की काय आहे

मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत ही सगळी तेलं मिळतात, सगळ्या भावांत. ग्लासभर पाण्यात लवंग तेलाचा थेंब सोडा. अस्सल असेल तर बुडतो. तरंगला तर त्यात खनिज तेल किंवा दुसरं काही हलकं मिसळलं आहे. दालचिनीच्या सालीचं तेलही बुडतं. पण दालचिनी घेताना सालीचं की पानाचं ते विचारा, कारण पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतो, सिनॅमाल्डिहाइड नव्हे. पानाचं स्वस्त असतं आणि लेबलवर दोघांचं नाव "दालचिनी तेल" एवढंच.

"शंभर टक्के हर्बल" असं लिहिलेली, घटकांचा पत्ता नसलेली बाटली एका फवाऱ्यात सगळे माइट मारते आणि महिनाभर एकही परत येत नाही, असं झालं तर खूश होऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे वनस्पतींच्या तेलांना असा टिकाव नसतो. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमकं हेच घडलं. लाल माइटवर म्हणून वनस्पती तेलांचं एक मिश्रण शेडमधून फवारलं गेलं, त्यात बेकायदा फिप्रोनिल मिसळलेलं निघालं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. फिप्रोनिल आपल्याकडेही पिकांसाठी सर्रास मिळतं.

सीताफळाच्या बियांची पूड उवा-माइटवर जालीम आहे, पण डोळ्यात गेली तर डोळा गंभीर दुखावतो, कोंबडीचा आणि तुमचाही. तंबाखूचं पाणी तर नकोच, निकोटीन कातडीतून आत जातं. कोळीवाड्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मांजराचं यकृत ओवा-लवंगेतली ही द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही. फवारलेल्या दांड्यावर लोळून अंग चाटणारा बोका आजारी पडतो. धुवण नाल्यात, तळ्यात, बावखलात सोडू नका. रिठा आणि थायमॉल माशांना विषारी आहेत.

कामाचा क्रम

कोंबड्या शेडमध्ये असताना: शवविच्छेदन आणि टेस्ट, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दांड्यांच्या फटींत तेलाच्या तीन फेऱ्या, पाणी सांडणारे निपल दुरुस्त, ओली गादी रोज उचलून कोरडी घालणं, बाकीची खालीवर करणं. मेलेली कोंबडी तासाभरात बाहेर. धूर बंद. एवढ्यावर गादीतल्या माश्यांच्या अळ्यांसाठी कडेने निंबोळी अर्क, पण गादी भिजेल इतका नाही. ओल वाढली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

तुकडी गेल्यावर: त्याच संध्याकाळी कडेची फवारणी, दुसऱ्या दिवशी गादी बाहेर, लाइन पेरॉक्साइडने, भिंतींच्या भेगा सिमेंटने बंद, वर चुना. भेगा बुजवणं हे सगळ्या अर्कांपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ काम आहे, पण त्याला सुवास नाही म्हणून कोणी करत नाही.

खाद्यातलं वनस्पतीजन्य उत्पादन नव्या तुकडीला पहिल्या दिवसापासून द्या; आजार आल्यावर सुरू करून विशेष उपयोग नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा रात्री टॉर्च आणि पांढरा कागद घेऊन जा, गादीची कड उकरा. कागद कोरा आहे आणि अळ्या नाहीत, तरीही हगवण परतली, तर मग बाहेरून काय येतं ते शोधा: विहिरीचं पाणी, खाद्याच्या पोत्यांतले उंदीर, बाजारातून आणून न विकली गेलेली कोंबडी परत आत सोडणं. यातलं तिसरं आधी तपासा. क्रॉफर्ड मार्केटला नेऊन परत आणलेला कोंबडा दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा, त्याचं पाणी-खाद्य वेगळं, आणि त्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.